सड्यावरची जुनी कलमं : छाटणीच्या कामाची वही

9 ऑक्टोबर 2022

पाऊस ओसरला. बेणणी, म्हणजे गवत-झुडपं कापणं, उरकून बाग मोकळी झाली, म्हणून आज एकेका कलमाखाली उभं राहून नोंद करून घेतली. हापूसची एकूण 64 कलमं, शिवाय दगडी गडग्याला लागून पाच रायवळ, म्हणजे कोयीपासून वाढलेले गावठी आंबे. हापूस आमच्या घरातल्या तात्यांच्या वडिलांनी 1960 नंतरच्या दहा वर्षांत लावलेला. रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली ती 1990 मध्ये. त्यानंतर कातळात सुरुंग लावून, खड्ड्यांत माती भरून पावस गावापासून पुढचे सडे, म्हणजे कातळाची पठारं, कलमांनी भरले. आमची कलमं त्याआधीची, घळीकडच्या मातीत लावलेली, म्हणून वाढलीही तशीच. पस्तीस-चाळीस फूट उंची.

दोन कलमांतलं अंतर दहा मीटरच्या आतच आहे, त्यामुळे फांद्या एकमेकींत घुसल्यात. भर दुपारी बुंध्याशी ऊन पोचत नाही. आत नुसतं लाकूड, पानं फक्त शेंड्याला. मोहोर धरतो पक्व काडीच्या टोकाला आणि त्या काडीला ऊन मिळालं तरच. म्हणजे एवढ्या मोठ्या झाडाची पिकणारी जागा ती वरची टोपी तेवढीच. फवारणीचं पाणी तिथपर्यंत जात नाही, तुडतुडे आणि फुलकिडे वर मजेत राहतात. आंबा उतरवायचा तर माणसाने चाळीस फुटांवर बारीक फांदीवर पाय द्यायचा.

ठरवलं ते असं: निम्मी कलमं यंदा, निम्मी पुढच्या वर्षी, बारा ते पंधरा फुटांवर छाटायची. सगळी एकदम छाटली तर दोन-तीन वर्षं घरात एक पेटीही येणार नाही. पहिल्या 32 कलमांवर लाल पट्टा मारला. एकाआड एक ओळ धरली, म्हणजे छाटलेल्या कलमाला दोन्ही बाजूंनी ऊन मिळेल.

रायवळांना हात लावायचा नाही. हापूसला स्वतःच्या परागाने फळधारणा नीट होत नाही, जवळ दुसऱ्या जातीचा मोहोर लागतो. दापोलीचं कृषी विद्यापीठ हापूसच्या बागेत इतर जातींची काही कलमं ठेवा म्हणून सांगतं ते त्यासाठीच.

30 ऑक्टोबर 2022

दिवाळी झाली, मामा येऊन गेले. मामा म्हणजे आमच्या वाडीतले जुने आंबेकाढे. सगळी वाडी त्यांना मामाच म्हणते. साठीच्या जवळ आलेत, पण झाडावर अजूनही त्यांच्याइतकं सहज कोणी वावरत नाही. प्रत्येक लाल पट्ट्याच्या कलमाला त्यांनी कोयत्याच्या पाठीने ठोकून पाहिलं. भरीव लाकडाचा आवाज आखूड आणि घट्ट येतो, आतून पोकळ असेल तिथे तो घुमतो. चार फांद्यांवर त्यांनी खडूने फुली मारली. "वहिनी, ह्यांच्यावर मी चढणार नाही आणि पोरांनाही चढू देणार नाही. ह्या खालून दोरी लावून पाडायच्या." मी हो म्हटलं. ह्या कामात शेवटचा शब्द त्यांचाच, हे पहिल्या दिवशीच सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

ह्या छाटणीचं कारण उत्पन्न आहेच, पण माझ्या मनात पहिलं कारण वेगळं आहे. गेल्या मे महिन्यात शेजारच्या बागेत एक गडी शेंड्यावरून पडला. कंबरेखालचं अंग गेलं. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा. दर हंगामाला असं एखादं कानावर येतंच, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच झाडं, तीच उंची. शेतकऱ्यासाठी सरकारची अपघात अनुदानाची योजना आहे, पण ती सातबाऱ्यावर नाव असलेला खातेदार आणि त्याच्या घरातल्या एका माणसापुरती. जो प्रत्यक्ष फांदीवर उभा असतो त्याच्या नावावर बहुतेक वेळा गुंठाही नसतो.

म्हणून मामा आणि त्यांच्या तिन्ही पोरांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा बँकेत जाऊन सुरू करून दिला. वर्षाला 20 रुपये हप्ता, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर 2 लाख. रक्कम पुरेशी नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरी. कंबरेचे पट्टे आणि जाड दोर रत्नागिरीतून आणले. पट्टा बांधून काम हळू होतं अशी पोरांची तक्रार आहे. हळू होऊ दे. मजुरी रोजावर ठरवली आहे, झाडावर नाही, म्हणजे घाई करायला कारण राहत नाही.

कागदपत्रं: आंबा अनुसूचित झाडांत येतो, तोडायला परवानगी लागते. आपली ही छाटणी असली तरी वनखात्याच्या कार्यालयात लेखी कळवून पोच घेतली. जुन्या बागेच्या पुनरुज्जीवनासाठी फलोत्पादन अभियानातून खर्चाच्या निम्मं, हेक्टरी 20,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. त्याचा अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरला.

तात्या दिवसभर गप्प होते. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "बेड्याजवळचं कलम सोडा." ते, म्हणजे बागेच्या फाटकाजवळचं, सोडलं. त्याच्याऐवजी विहिरीकडचं धरलं.

14 नोव्हेंबर 2022

आज करवत लागली.

पद्धत लिहून ठेवते, पुढच्या वर्षी लागेल. आधी बाहेरच्या बारीक फांद्या उतरवून झाड हलकं करायचं. मग मुख्य फांदी दोन टप्प्यांत: वरचा भाग आधी, खालचा नंतर, म्हणजे सगळं वजन एकदम खाली येत नाही. कापताना पहिली खाच खालच्या अंगाने, जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. मग वरून काप. खालची खाच नसेल तर फांदी मोडताना बुंध्याची साल हातभर सोलून नेते आणि ती जखम झाडाला वर्षानुवर्षं भरत नाही. शेवटचा काप तिरका, उतार बाहेरच्या बाजूला. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. सपाट कापावर पाणी थांबलं की लाकूड कुजायला सुरुवात होते.

मामांनी प्रत्येक कलमावर एक हिरवी फांदी राखली, आणि तीही नैर्ऋत्येकडची. छाटल्यावर उघड्या पडलेल्या बुंध्यावर दुपारनंतरचं ऊन थेट येतं, साल भाजून तडकते. ती फांदी सावली धरते आणि नवी फूट येईपर्यंत मुळांना अन्नही पुरवते. पुढच्या वर्षी ती काढायची.

चीक फार. आंब्याचा चीक अंगाला लागला की कातडी जळते, दोन दिवसांनी काळा चट्टा पडतो. सगळ्यांनी हातापायांना, मानेला खोबरेल चोपडलं होतं. तरी धाकट्या पोराच्या डोळ्याजवळ शिंतोडा उडालाच. लगेच पाण्याने धुतलं, सूज आली, पण डोळा वाचला. उद्यापासून चष्मा घातल्याशिवाय कोणी करवतीजवळ जायचं नाही.

15 नोव्हेंबर 2022

बोर्डो पेस्ट, म्हणजे कापांवर लावायचा बुरशीनाशक लेप. एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना पाच लिटर पाण्यात, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत. मोरचूद रात्रीच फडक्यात बांधून पाण्यात लटकत ठेवला होता. तळाशी टाकला तर विरघळायला अर्धा दिवस घेतो. सकाळी निळं पाणी आणि चुन्याची निवळी एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतत गेलो, काकू लाकडी दांड्याने ढवळत होत्या. लोखंडी भांडं चालत नाही.

तयार झालं की नाही हे बघायला कोयत्याचं घासून चकचकीत केलेलं पातं त्यात बुडवून धरायचं. पात्यावर तांबूस लेप चढला तर मोरचूद मोकळा आहे, चुना वाढवायचा. पहिल्यांदा बुडवलं तेव्हा तांबूस झाक आली. दोन मुठी चुना आणखी घातला, पुन्हा पातं घासून बुडवलं, स्वच्छ निघालं. रंग दाट आकाशी. तो आजच्या आज संपवायचा, उद्यावर ठेवून उपयोग नाही.

मामांनी कुंच्याने प्रत्येक कापावर आणि कापाखाली वीतभर जाड लेप दिला. उरलेल्या उघड्या बुंध्याला चुन्याचा हात.

8 डिसेंबर 2022

32 झाली. लाकूड वखारवाल्याने उचललं, बारीक फाटी वाडीत वाटली, पालापाचोळा कलमांच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यांत पसरला. जाळला काहीच नाही.

बागेत आता आभाळ दिसतं. येणारेजाणारे थांबून विचारतात, काय हा सत्यानाश केलात. तात्या त्यांना माझ्याआधी उत्तर देतात, "फुटतील."

12 फेब्रुवारी 2023

फुटली. पहिली फूट विहिरीकडच्या कलमाला, सालीतून थेट बाहेर आलेले तांबूस कोंब. काही कलमांना कापाच्या खाली हातभर जागेत मोजता येणार नाहीत इतके. पाच कलमं अजून ठप्प आहेत. त्यांना आठवड्याला दोनदा पाणी.

7 मे 2023

विरळणी. हे काम छाटणीपेक्षा अवघड आहे असं माझं मत झालं आहे. छाटणीत फांदी चुकणं कठीण, इथे पुढच्या तीस वर्षांचं झाड ठरतं. एका फांदीवर चाळीस-पन्नास फुटवे. त्यातले चार-पाच ठेवायचे: बाहेरच्या दिशेला जाणारे, एकमेकांपासून अंतर राखणारे, सालीत घट्ट रुतलेले. आतल्या बाजूला वळणारे आणि सरळ आभाळाकडे जाणारे काढायचे, कितीही जोमदार दिसले तरी. मोठ्या पोराने विचारलं, "हा एवढा चांगला कशाला काढायचा, वहिनी?" मामांनीच सांगितलं: सरळ जाणारा ठेवलास तर वीस वर्षांनी तुझा मुलगा पुन्हा चाळीस फुटांवर चढेल.

ते पोराला जे सांगून गेले तेच माझ्या मनात होतं. कलम बुटकं ठेवणं हे एकदा करवत लावून होत नाही. दर वर्षी कोणीतरी समजून हात फिरवायला लागतो. ही पोरं ते शिकली पाहिजेत, नुसती फांदी दाखवली की कापणारी नकोत. आज संध्याकाळी तिघांना एकेक फांदी दिली, काय ठेवाल ते खडूने खूण करा म्हटलं, मग मामांनी तपासलं. धाकट्याची निवड सर्वांत चांगली निघाली.

फुटले नाहीत त्यांतली तीन कलमं मेली. तिन्ही पोकळ बुंध्याची होती.

18 जून 2023

पाऊस नाही. 11 तारखेला मान्सून रत्नागिरीपर्यंत आला असं जाहीर झालं आणि तिथेच अडला. अरबी समुद्रातलं बिपरजॉय वादळ गुजरातेत गेलं, इकडे नुसता वारा. खताच्या चाऱ्या खणून ठेवल्यात: बुंध्यापासून दीड-दोन मीटर लांब, वर्तुळात. कलमामागे पाच टोपल्या शेणखत आणि रासायनिक खताचा हप्ता तयार आहे. पण जमीन ओली झाल्याशिवाय टाकायचं नाही. उतारावरची जांभ्याची माती, पहिल्या धुवांधार सरीत वरवरचं सगळं समुद्रात जातं. चांगला भिजवणीचा पाऊस झाला की चारी बुजवायची.

नवी पालवी हिरवी पडली आहे. वाट पाहणं एवढंच काम.

17 सप्टेंबर 2023

भिरूड, म्हणजे खोड पोखरणारा किडा. छाटलेल्या बागेत हा सर्वांत मोठा शत्रू, कारण उघडी, तडकलेली साल त्याच्या मादीला अंडी घालायला हवीच असते. आज सहा कलमांच्या बुंध्याशी ताजा भुसा सापडला. भुसा ओला आणि पिवळसर असेल तर अळी आत जिवंत आहे.

विहिरीकडच्या कलमावर भुशाच्या वर चार बोटांवर छिद्र मिळालं. मामांनी सायकलच्या तारेचं टोक आकड्यासारखं वळवलेलं असतं, ते आत सरकवत नेलं. तार हाताला मऊ लागली की थांबायचं, फिरवायचं, ओढायचं. दुसऱ्यांदा ओढल्यावर अळी आली. बोटाएवढी लांब, पिवळट पांढरी, डोकं काळं-तपकिरी आणि दातरं एवढं कडक की तार चावत होती. छिद्रात कीटकनाशकाचा बोळा घालून ओल्या मातीने लिंपलं. आठ दिवसांनी पुन्हा बघायचं, माती फोडून नवा भुसा आला तर आत दुसरी आहे.

फवारणीवर भागत नाही. दर पंधरवड्याला प्रत्येक बुंध्याशी वाकून बघणारा माणूस हवा. ते काम धाकट्याला दिलं, त्याचा वेगळा रोज धरला. बघण्याची मजुरी कशाला, असं भावकीत एक-दोघांनी विचारलं. कलम वाचतं ते त्या बघण्यानेच.

20 नोव्हेंबर 2023

दुसऱ्या ओळी सुरू. ह्या वेळी मामा फक्त दोन दिवस वर चढले, बाकी पोरांनी केलं आणि ते खालून सांगत राहिले. पोकळ फांद्या आधीच वेगळ्या केल्या आणि बुंधा फारच पोकळ असलेली दोन कलमं छाटायची नाहीत असं ठरवलं. बेड्याजवळचंही राहिलंच.

पहिल्या ओळींतली राखीव हिरवी फांदी काढली. नव्या फांद्या आता मनगटाएवढ्या जाड आहेत.

3 मार्च 2024

यंदा विकायला जवळपास काही नाही. न छाटलेल्या तीन कलमांवर आणि रायवळांवर जेवढं आहे तेवढंच. मधल्या उजेडात हळद आणि सुरण घेतलं होतं, त्याने गड्यांची मजुरी सुटली. हा काळ छोट्या बागायतदाराला कठीण जातो आणि म्हणूनच पुष्कळ जण करवत लावायला धजत नाहीत, हे मी आता खात्रीने सांगू शकते. दोन टप्प्यांत करा असंच मी विचारणाऱ्याला सांगते. घरात दुसरं उत्पन्न नसेल तर चार टप्प्यांत करा.

पहिल्या ओळींत तुरळक मोहोर दिसला. कलम अजून लहान, तो खुडून टाकला.

11 ऑगस्ट 2024

ह्याच दिवसांत सगळीकडे कलमांना कल्टार हे औषध घालणं चालू आहे. आमच्या छाटलेल्या कलमांना ह्या वर्षी नाही. त्याने वाढ रोखली जाते आणि मोहोर लवकर येतो, पण ह्यांना आधी अंग धरू दे. दुकानदाराने दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हटलं.

19 जानेवारी 2025

थंडी बरी पडली. पहिल्या ओळींतल्या 29 कलमांपैकी 21 ना मोहोर. तोही शेंड्यापुरता नाही, कमरेच्या उंचीपासून वरपर्यंत, पूर्वेच्या अंगाला जास्त. जमिनीवर उभं राहून मोहोराची काडी हातात धरून तुडतुडे मोजता येतात. आधी आम्ही तुडतुडे आहेत हे पानांवरच्या चिकट्यावरून ओळखायचो, तोपर्यंत उशीर झालेला असायचा. आता काडीवर दिसले तरच पंप काढतो, आणि एका टाकीत आधीच्या तिप्पट कलमं होतात.

13 एप्रिल 2025

पहिली तोड. सकाळी सातला सुरू, दहाला बंद, उन्हात काढलेल्या फळाला साका जास्त लागतो, म्हणजे आतला गर पांढरट, कच्चा राहतो. चौदा आणे तयार फळ: खांदे भरलेले, देठाशी किंचित खळगा, हिरव्याखाली पिवळसर झाक. दापोलीचा नूतन झेला, म्हणजे फळ उतरवायची पातं लावलेली जाळी, लांब दांडी. फळ जाळीत घ्यायचं, पात्यावर देठ ओढायचा, दोन बोटं देठ राखून फळ अलगद जाळीत. देठ राखला की चीक फळावर ओघळत नाही, डाग पडत नाही.

तिन्ही पोरं जमिनीवर उभी होती. उंच फांद्यांना तिकाटणं, म्हणजे तीन काठ्यांची घोडी, लावलं तेवढंच. कोणी झाडावर गेलं नाही. मामा क्रेटजवळ बसून प्रत्येक फळ हातात घेऊन वजनाने वेगळं करत होते. पडून फुटलेलं फळ दिवसभरात ओंजळभर. आधी ते टोपलीने असायचं.

27 मे 2025

पावसाने सगळं लवकर गुंडाळायला लावलं. 25 तारखेला मान्सून तळकोकणात दाखल झाला आणि त्याआधीचे चार-पाच दिवसही बरसतच होते. आजूबाजूच्या बागांत उंच शेंड्यांवर शेवटचा आंबा अजून लटकतो आहे. ओल्या फांदीवर कोणी चढत नाही आणि चढूही नये. आमचा शेवटचा आंबा 20 तारखेच्या आत खाली आला, कारण तो खालूनच निघाला.

हिशोब: पहिल्या ओळींतून कलमामागे सरासरी दोन पेट्या. छाटणीआधी चांगल्या वर्षी तीन-साडेतीन निघायच्या, म्हणजे संख्येने अजून मागे आहोत. पण फळ मोठं, डागी कमी, फवारणीचा खर्च निम्म्याच्या खाली. वरच्या प्रतीचा आंबा जास्त निघाल्याने भाव बरा मिळाला. दुसऱ्या ओळी पुढच्या वर्षी धरतील. अनुदानाचा हप्ता फेब्रुवारीत जमा झाला.

एक गोष्ट आज मामांसमोर पक्की केली. आंबेकाढ्याला इतर गड्यापेक्षा जास्त रोज मिळतो तो चढण्यासाठी, असं सगळे धरून चालतात. आता चढायचं नाही, तर रोज कमी करा, असा सूर दोन ठिकाणांहून ऐकला. आमच्याकडे रोज तोच राहील. तयार फळ ओळखणं, देठ राखणं, कोणता फुटवा ठेवायचा हे बघणं आणि भुशावरून अळी शोधणं ह्याचेच ते पैसे आहेत. उलट धाकट्याचा वाढवला.

जूनमध्ये करायचं: चाऱ्या, शेणखत, मेलेल्या तीन कलमांच्या जागी रत्ना ही आंब्याची दुसरी जात लावायची, म्हणजे परागाचीही सोय होईल. सप्टेंबरपासून भुशाची फेरी. ऑक्टोबरात मधल्या सरळ फांद्यांची हलकी छाटणी, पंधरा फुटांच्या वर काही जाऊ द्यायचं नाही. शेजारच्या बागेवाल्यांनी मामांना त्यांची कलमं ठोकून बघायला बोलावलं आहे. दोर आणि पट्टे आमचे घेऊन जा म्हटलंय.